अकरा नंबरची भिंतीकडची बाजू

१

गहाळ झालेल्या कागदाची जागा रिकामी दिसत नाही. मागचे-पुढचे कागद जवळ सरकतात आणि ती बुजवून टाकतात. जुन्या दस्तऐवजांच्या कचेरीत एकोणीस वर्षं काढल्यावर एवढं तरी कळतं.

चौकशी समितीच्या कारकुनानं माझ्यापुढे फाइल ठेवली तेव्हा आईला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

"शुक्रवारी तुमचा जबाब. त्याआधी वाचून घ्या, पण इथंच बसून," तो म्हणाला. "आणि पंख्याखाली नको. कागद उडतात."

आई तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होती. त्या बुधवारी दुपारी, नातेवाइकांना आत सोडायची वेळ झाल्यावर, अकरा नंबरच्या पेशंटच्या मुलानं तिला ढकललं. खिडकीच्या लोखंडी काठावर तिचं डोकं आपटलं. शनिवारी सकाळी ती गेली. मुलगा कोठडीत होता आणि ढकलल्याचं त्यानं कबूल केलं होतं. त्यात रहस्य काही नव्हतं.

समितीपुढचा प्रश्न वेगळा होता. आईची गाठ कुणी सोडली?

ही गाठ म्हणजे वीतभर बँडेजची पट्टी. अकरा वर्षांपूर्वी एका कंपाउंडरच्या डोक्यात कुणीतरी स्टूल घातलं, त्यानंतर आईनं ही पद्धत सुरू केली. पेशंटचा नातेवाईक हातघाईवर येईल असं वाटलं, की खाटेच्या पायथ्याच्या दांडीला पट्टी बांधायची. बाहेरच्याला ती चिंधी वाटे. वॉर्डातल्या माणसाला मात्र कळे की इथं एकट्यानं जायचं नाही, दोघांनी जायचं, आणि दारापासून आपली वाट मोकळी ठेवायची. ज्यानं बांधली त्यानं किंवा इन्चार्जनंच ती सोडायची.

अकराला सोमवारी गाठ बांधली होती. बुधवारी चारनंतर ती नव्हती. अकरा नंबर त्या दुपारी वॉर्डातल्या सर्वांत धाकट्या सिस्टरकडे होता. तिला आई चिमणी म्हणायची. गाठ चिमणीनंच निष्काळजीपणे सोडली, म्हणून मोठ्या सिस्टर बेसावध आत गेल्या, असं समितीचं मत बनत चाललं होतं. शुक्रवारी ते पक्कं झालं की चिमणीची नोकरी जाणार होती, पाठोपाठ परवानाही.

अहवालाच्या कच्च्या मसुद्यात आईबद्दलही एक वाक्य होतं. 'मृत परिचारिका खाट व भिंत यांमधील अरुंद जागेत, बाहेर पडण्यास वाट नसताना उभ्या होत्या, ही त्यांची स्वतःचीही चूक होय.'

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ही बाई लग्नाच्या जेवणालासुद्धा दाराजवळची खुर्ची धरायची. "भांडण आणि दूध, दोन्ही उतू जायच्या आधी आवाज करतात," म्हणायची. "आवाज आला की आपण भिंतीकडे नसावं." मी सहा वर्षांची असल्यापासून ऐकत आलेय. आणि ती भिंतीकडे?

तेवीस दिवस मी तिला तिथंच पाहत होते. कपाट आणि भिंत यांच्या मधे, मोरी आणि भिंतीच्या मधे. घरात जिथं म्हणून एक माणूस अडकेल एवढी जागा होती, तिथं ती उभी असायची आणि माझ्याकडे न बघता हातातलं काहीतरी करत असायची.

अकरा नंबरच्या पेशंटचे चौदा कागद फाइलीत होते. आकडे सलग, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. पण पहिल्याच कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'उजवी बाजू लुळी. दर दोन तासांनी कूस बदलावी, नोंद ठेवावी.'

नोंद कुठंच नव्हती. कारकुनानं आकडे घालायच्या आधीच कुणीतरी पंधरावा कागद काढून घेतला होता.

२

मेट्रनबाईंच्या टेबलावर काच होती, काचेखाली ड्युट्यांची यादी. यादीत आईचं नाव अजून होतं, वर एक बारीक रेघ मारलेली.

"चहा सांगू?" त्यांनी विचारलं.

"नको. गाठी काढायला तुम्ही सांगितलं होतंत ना?"

"आलं तुमच्या कानावर." त्या मागे टेकल्या. "सांगितलं होतं. पण गुरुवारसाठी. गुरुवारी तपासणीची माणसं येणार होती. खाटेखाटेला चिंध्या बघून काय म्हणतील? 'ही भुतं उतरवा,' असं तुमच्या आईला तोंडावर म्हटलं मी."

"ती काय म्हणाली?"

"'भुतं उतरवायची तर आधी माणसं वाढवा.'" त्या हसल्या नाहीत. "खोटं नव्हतं. वीस खाटा आणि पाळीला दोन सिस्टर. त्या दुपारीही दोघीच, तुमची आई आणि ती पोरगी. माणसं द्या म्हणून मी सहा पत्रं लिहिली आहेत. पन्नास वर्षांनी तुमच्याच कचेरीत येतील, बघालच."

"कूस बदलल्याची नोंद कुठं ठेवतात?"

"पोझिशन चार्टवर. पेशंटच्या बोर्डाला लावलेला असतो."

"अकराचा फाइलीत नाही."

काचेवर फिरणारं त्यांचं बोट थांबलं. "त्या दिवशी सगळाच गोंधळ होता," त्या सावकाश म्हणाल्या. "मी खाली पोलिसांजवळ. चिमणी तुमच्या आईबरोबर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी. पेशंटला वॉर्डमामांनी दोन नंबरवर हलवलं. कारकुनानं सहाला कागद गोळा केले. त्यात एखादा इकडेतिकडे होणारच."

"चार्टवर कुणाकुणाच्या सह्या असतात?"

"पाळीला जी असेल तिची. आणि इन्चार्जची." त्या उठल्या, दारापर्यंत मला सोडायला आल्या. तिथं आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सांगू? तो कागद नाही सापडला तर बरं. माझ्यासाठी नाही म्हणत. तुमच्यासाठी म्हणते."

३

चिमणी एका खोलीत भाड्यानं राहायची. मी गेले तेव्हा ती गणवेशाला इस्त्री करत होती.

"कामावर तर घेत नाहीत, मग हे कशाला?" मी विचारलं.

"हात रिकामे बसत नाहीत हो ताई. काल तीनदा खोली पुसली. घरमालकीण म्हणाली, फरशी झिजली तर भाडं वाढवीन." तिनं इस्त्री उभी केली. "बसा ना. खुर्ची एकच आहे, पण चारी पाय आहेत तिला."

सोमवारची हकिकत तिनं एका दमात सांगितली. अकराचा मुलगा आला, आईला ताप का म्हणून विचारू लागला, टेबलावर मूठ आपटली, पेल्यातलं पाणी सगळ्या कागदांवर.

"म्हणाला, 'इथं कुणी मोठं माणूस आहे का?' मी म्हटलं, आत्ता मीच आहे. तर हसला. त्या हसण्याचीच भीती वाटली मला. लगेच गाठ बांधली. चार वाजले होते."

"आणि बुधवारी?"

"दोनला पाळी बदलली तेव्हा गाठ होती, मी डोळ्यांनी पाहिली. तीनपासून मी सात नंबरला रक्त लावत होते. दर पंधरा मिनिटांनी नाडी बघावी लागते, हलता येत नाही. चार वाजून गेल्यावर आवाज ऐकला आणि धावले. तेव्हा गाठ नव्हती."

"कुणी सोडली असेल?"

ती गणवेशाच्या बाहीची घडी घालू लागली, उलगडू लागली, पुन्हा घालू लागली.

"तुला माहीत आहे," मी म्हटलं.

"मी सोडली नाही, एवढं मी सांगितलंय."

"त्यानं भागणार नाही. नोकरी जाईल तुझी."

"मोठ्या सिस्टर म्हणायच्या, न केलेलं लिहायचं नाही. मार खाल्ला तरी लिहायचं नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, आणि तेच जास्त वाईट होतं. "पण दुसऱ्यानं केलेलं सगळं सांगितलंच पाहिजे, असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या."

४

अकरा नंबर म्हणजे वॉर्डाच्या टोकाची एकट्या खाटेची खोली. त्या दिवसापासून ती बंद होती. किल्ली मामांकडे. मामा म्हणजे वॉर्डमामा, बावीस वर्षं आईबरोबर काम केलेले. लहानपणी मी तापात इथं ऑफिसात झोपायचे, तेव्हा हेच पांघरूण घालायचे.

"काय बघायचंय पोरी? खाट ती खाट, भिंत ती भिंत."

"बघू द्या ना मामा."

त्यांनी दार उघडलं. फिनेलचा वास, आणि त्याखाली बंद खोलीचा. खाटेचं डोकं समोरच्या भिंतीला. दारातून आत गेलं की डाव्या हाताला खाट, तिच्या पलीकडे दोन हात जागा, मग खिडकीची भिंत. खिडकीचा काठ माझ्या खांद्याइतका. आई माझ्याहून वीतभर बुटकी होती. मी काठाकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

पर्समधून मी उतरवून आणलेली डॉक्टरांची टिपणं काढली. बुधवारी दुपारी बाराला, 'पेशंट उताणी.' त्याच दिवशी पाचला, घटनेनंतर, 'पेशंट डाव्या कुशीवर. माकडहाडाशी जखम, चार बोटं रुंद. ताजं ड्रेसिंग, चिकटपट्टी तीन बाजूंना, चौथी बाजू मोकळी.'

समितीतल्या पाच जणांनी हे वाचलं होतं. प्रत्येकानं ते पेशंटबद्दलचं म्हणून वाचलं होतं.

मी चपला काढून खाटेवर आडवी झाले.

"अगं उठ!" मामा दारातूनच ओरडले. "त्या खाटेवर नको झोपूस."

"मामा, उजवी बाजू लुळी असेल तर तिकडे कुशीवर ठेवत नाहीत ना?"

"जखम असताना तर नाहीच."

म्हणजे डावी कूस. मी डावीकडे वळले. माझं तोंड दाराकडे झालं. मामा दिसत होते, त्यांच्यामागचा व्हरांडा, तिथून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस. माझी पाठ भिंतीकडे झाली.

माकडहाडावरची जखम धुवायची तर माणसाला कुठं उभं राहावं लागेल? दुसरी जागाच नव्हती.

आई त्या मुलाशी बोलायला आत गेली नव्हती, भांडायला नव्हती, बेसावधही नव्हती. ती त्या म्हातारीची पाठ धूत होती. एका हातानं तिला कुशीवर धरून ठेवलं होतं, दुसऱ्या हातानं पट्टी चिकटवत होती. तीन बाजू झाल्या होत्या. तो दारातून आला तेव्हा तिला तो दिसला असणार, खाटेला वळसा घालून येतानाही दिसला असणार. हात सोडला असता तर म्हातारी उघड्या जखमेवर उताणी पडली असती.

तिनं हात सोडला नाही.

मी तशीच पडून राहिले. पाठीमागे त्या दोन हात जागेत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे असं वाटत होतं. मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही.

"पण मामा," मी दाराकडे बघत विचारलं, "बाराला उताणी असलेल्या बाईला चार बोटं जखम होईपर्यंत किती वेळ कुणी हलवलं नव्हतं?"

दारात कुणीच नव्हतं. मामा निघून गेले होते.

५

अकरा नंबरची म्हातारी आता मुलीकडे होती. मुलगी घरी शिवणकाम करायची. माझं नाव सांगायची गरज पडली नाही. तिनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या हातातला मोजपट्टीचा गुंडाळा सुटून लोंबू लागला.

"वकिलांनी बोलू नको म्हणून सांगितलंय," ती म्हणाली.

"मी वकील नाही."

"म्हणूनच भीती वाटते." पण ती बाजूला झाली.

आतल्या खाटेवर म्हातारी होती, पाठीशी दोन उशा. तिचे डोळे माझ्यावर आले आणि पुढे गेले. घड्याळात पाच वाजले तशी मुलगी उठली, उशा काढल्या, आईला अलगद दुसरीकडे केलं, परत उशा लावल्या. मग शिलाई मशीनवर लटकवलेल्या वहीत एक फुली मारली.

"भावानं केलं ते मी झाकत नाही," बसताना ती म्हणाली. "त्याला लहानपणापासून हात आधी, तोंड मागून. बाबांचंच घेतलंय. पण तुम्हांला एक विचारू? आम्ही काय गुन्हा केला होता?"

"म्हणजे?"

"सोमवारी तो ओरडला, मान्य. पण त्यानंतर कुणी आत यायलाच तयार नाही. दाराशी यायचे, खाटेच्या पायाकडे बघायचे आणि परत जायचे. दोन दिवस! मला वाटलं, आईला काही लागण झालीय आणि आपल्याला सांगत नाहीत. मंगळवारी एका सिस्टरला म्हटलं, अहो, पाणी तरी पाजा. म्हणाली, 'दुसरी मोकळी झाली की येतो.' ती दुसरी कधी मोकळी झालीच नाही."

मी मशीनवरच्या वहीतल्या फुल्या पाहिल्या.

"बुधवारी आम्ही चारला आलो. मी भावाच्या मागे होते. दांडीला ती चिंधी असायची ना, ती नव्हती. मला वाटलं, चला, लागण गेली." ती हसली आणि लगेच तिचा चेहरा विस्कटला. "खाटेमागे जाऊन बघतो तर आईची पाठ उघडी आणि पट्टीच्या मोकळ्या बाजूतून ते... तसं मांस. तुमच्या आईच्या हातात चिकटपट्टी. भाऊ म्हणाला, 'काय केलंत हिचं?' त्याला वाटलं, आत्ता, यांनीच."

"आई काय म्हणाली?"

ती मोजपट्टी गुंडाळू लागली.

"हे मी पोलिसांना सांगितलेलं नाही. भावाचं अजून वाईट होईल म्हणून. त्या म्हणाल्या, 'बरोबर आहे तुमचं. दोन मिनिटं थांबा, मला हात सोडता येत नाही.'" ती म्हणाली, "एवढं ऐकूनही त्यानं ढकललं."

६

गुरुवारी सकाळी मामा धुतलेल्या चादरींच्या खोलीत सापडले. ते घड्या मोजत होते आणि मला पाहून पुन्हा एकपासून मोजू लागले.

मी दार लोटून घेतलं. "मामा, तो चार्ट तुमच्याकडे आहे."

"कुठला चार्ट?"

"पेशंट हलवला की त्याचा बोर्ड त्याच्याबरोबर जातो. त्या वेळी मेट्रनबाई खाली होत्या, चिमणी थिएटरपाशी. खाट तुम्ही ढकललीत, बोर्ड तुमच्या हातात होता. पण तुम्ही तो कशाला घ्याल, हे मला कळत नव्हतं. रिकाम्या चौकटी लपवायच्या असत्या तर त्या सिस्टरांच्या, मेट्रनबाईंच्या. तुमची तर त्यावर सहीसुद्धा नसते."

ते सतरावर थांबले.

"मग तुम्ही कुणाला वाचवताय? चिमणीला नाही. तिचं तर वाटोळं होतंय. वॉर्डात आणखी एकच माणूस आहे ज्याच्यासाठी तुम्ही असं कराल. आणि ते माणूस गेलंय."

"पोरी, पुरे."

"आई नियम मोडणारी नव्हती. गाठ असलेल्या खोलीत ती एकटी गेली नसती, जीव गेला तरी. म्हणजे आत जाताना गाठ नव्हती. दोनला होती, चारला नव्हती, मधे आत गेली ती एकटी आई. नियम मोडायच्या आधी तिनं तो काढून टाकला. आणि ती न लिहिता काही करत नसे." माझा आवाज जरा जास्तच शांत येत होता. "गाठ आपणच सोडली, हे तिनं चार्टवर लिहिलंय ना?"

मामा चादरींच्या थप्पीवर बसले. बावीस वर्षांत मी त्यांना कधी कामाच्या वेळी बसलेलं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तळातली एक घडी ओढली आणि तिच्या पोटातून कागद काढला.

दोन-दोन तासांच्या चौकटी. सोमवारी चारपासून बुधवारी दोनपर्यंत चोवीस. त्यांतल्या फक्त दोन भरलेल्या, मंगळवारी आणि बुधवारी सकाळी आठच्या. अंघोळीच्या वेळी मामा सिस्टरबरोबर आत जात, म्हणून त्या तेवढ्या. बाकी बावीस कोऱ्या. न केलेलं कुणी लिहिलं नव्हतं. आईनं सगळ्यांना तसंच शिकवलं होतं.

आणि खाली तिचं अक्षर, सरळ, घाई नसलेलं.

'३.४०. डावी कूस दिली. पाठीला जखम. गाठ बांधल्यापासून सकाळची अंघोळ सोडता कुणी सिस्टर आत आलेली नाही. दोघींनी जा म्हटलं आणि दोघी नव्हत्या, म्हणून एकही गेली नाही. नियम माझा. गाठ मी सोडली. नातेवाइकांशी मी बोलेन.'

"दर बुधवारी चार्ट तपासायच्या," मामा म्हणाले. "हा बघितला आणि खुर्चीत बसूनच राहिल्या. मी म्हटलं, थांबा, मी येतो बरोबर. तेवढ्यात खालून ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला बोलावणं आलं. 'तुम्ही जा, तिकडे श्वास अडलाय,' म्हणाल्या." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मंगळवारी मीच विचारलं होतं त्यांना, सिस्टरबाई, अकराचं काय? म्हणाल्या, 'दुसरी मोकळी झाली की जाऊ.' त्यांनीच म्हटलं, पोरी! आता हे बाहेर आलं तर लोक काय म्हणतील? एकतीस वर्षं एका बाजूला आणि हे एका बाजूला. मारणारा राहील बाजूला आणि हिनंच ओढवून घेतलं म्हणतील."

"आणि चिमणी?"

"ती आली होती माझ्याकडे. तिला चार्ट माहीत होता. म्हणाली, 'मामा, राहू दे तुमच्याजवळच.'" त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. "मला नाही झेपत आता. लेक तू आहेस. फाड, नाहीतर दे."

७

शुक्रवारी समितीपुढे मी चार्ट वाचून दाखवला. चौकटींसकट. बावीस वेळा 'कोरी' असं म्हणायला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. सोळाव्या-सतराव्याला एका सभासदानं मान खाली घातली.

वाचून झाल्यावर अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, याचा अर्थ तुम्हांला कळतोय ना? गाठ तुमच्या आईनं सोडली, म्हणजे ती मुलगी सुटली. पण पेशंटची हेळसांड झाली, आणि ज्या नियमामुळे झाली तो तुमच्या आईचा. अहवालात तसं येईल. आरोपीचा वकील ते वापरेल."

"वापरू दे. त्यानं ढकललं. समोरची बाई चूक कबूल करत होती, तिचे दोन्ही हात त्याच्याच आईला धरण्यात गुंतले होते, हे पाहून ढकललं. त्याला पूर्ण शिक्षा व्हावी असंच मला वाटतं. त्यातला एक दिवससुद्धा कमी व्हायला नको."

"मग हे कशाला?"

"कारण उद्या दुसऱ्या वॉर्डात कुणीतरी गाठ बांधेल, आणि तिथंही दोघी नसतील." मेट्रनबाई समोर बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "माणसं मागणारी सहा पत्रंही मागवून घ्या. ती अजून आमच्या कचेरीत आलेली नाहीत."

अध्यक्षांनी लेखनिकाला खूण केली. "मृत परिचारिकेच्या चुकीबद्दलचं वाक्य तसंच ठेवायचं का?"

"ठेवा," मी म्हटलं. "फक्त त्यात भिंतीकडे उभी राहिली ती चूक म्हटलंय, ते काढा. तिथं उभं राहिल्याशिवाय जखम धुता येत नव्हती. चूक मंगळवारची लिहा. आणि पुढे लिहा की बुधवारी तीन चाळीसला तिनं ती स्वतः दुरुस्त केली."

लेखनिक लिहीत राहिला.

सोमवारी दुपारी कामावर हजर व्हायचं पत्र चिमणीला मिळालं. तिनं मला बोलावलं नव्हतं. पण मी रुग्णालयाच्या मागच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. ती आली, इस्त्रीचा गणवेश घालून, दोनला दहा कमी असताना. मला वाटलं, आभार मानेल, आणि मी ते कसे टाळायचे याचा विचार करत होते.

"तुम्ही त्यांचं नाव घालवलंत," ती म्हणाली.

"हो."

"मी घालवलं नसतं. नोकरी गेली असती तरी."

"माहीत आहे मला."

ती दोन पायऱ्या चढली आणि थांबली. पाठमोरीच बोलली. "मंगळवारी संध्याकाळी सात आणि नऊच्या सुमाराला मी मोकळी होते, ताई. दोनदा. दुसरी नव्हती, पण मी मोकळी होते. अकराच्या दारापर्यंत गेले. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी गाठीकडे पाहिलं आणि परत आले. दोन्ही वेळा." तिचा हात कठड्यावर घट्ट होता. "गाठ नसती तर गेले असते की नाही, माहीत नाही. हे चार्टवर नाही. ते तुम्ही वाचलं नाहीत."

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

"आता झालं."

वर कुठंतरी स्टीलचं भांडं पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारू लागलं. आधी साधी, मग चिडून. तो आवाज पुरुषाचा होता. चिमणीची मान ताठ झाली. ती हलली नाही.

"मी येऊ का वरपर्यंत?" मी विचारलं.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांतल्या चपलांकडे. "तुम्हांला काय येतं तिथलं?"

"काही नाही. नुसती उभी राहीन."

"चला मग," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी जिना चढू लागलो.